मानधनाचं आधी बोला
मराठीत लिहून पैसे मिळवायचे म्हटले की आधी दिवाळी अंक आठवतात. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने ही प्रथा सुरू केली. पण ते वर्षातून एकदाच निघतात. घरखर्च चालतो तो अनुवाद, जाहिरातींची कॉपी, सबटायटल्स अशा कामांवर, आणि ती बहुधा ओळखीतून येतात.

दर विचारायला संकोचू नका. ‘मानधनाचं नंतर बघू’ एवढ्यावर मी एकदा ऐंशी पानांचा अनुवाद करून दिला. पैसे मिळाले नाहीत, आणि दाखवायला साधा मेलही नव्हता. तेव्हापासून शब्दाला किती, दुरुस्त्या किती वेळा, पैसे कधी, हे मेलवर कळवून होकार आल्याशिवाय मी पहिले पान उघडत नाही. नमुना म्हणून दहा पाने फुकट मागितली तर एकच द्या. काम देण्यासाठी नोंदणी शुल्क मागणाऱ्याला काहीच देऊ नका.

सर्वांत जास्त नुकसान हक्कांत होते. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागते; मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरतात. करारात ‘सर्व हक्क कायमचे’ असे शब्द दिसले तर सही करण्याआधी ठरावीक मुदत घालून मागा.