राणीछाप रुपयाचे खरे साल

नवी मुंबईतल्या बोनकोडे गावठाणात एखाद्या जुन्या घरी लक्ष्मीपूजनाच्या ताटात राणीछाप रुपया निघाला की पहिली नजर सालाकडे जाते. १८६२ दिसले की रुपयाचे वय ठरले, असे सगळे धरून चालतात. ते बरोबर असेलच असे नाही.

ठशावर कोरलेले १८६२ हे साल पुढे बारा-एक वर्षे बदललेच नाही. साधारण १८७४ पर्यंत रुपये त्याच सालाने पाडले जात होते. खाडीपलीकडे, फोर्टातल्या मुंबई टाकसाळीने मात्र सालाच्या आसपास बारीक ठिपके घालायला सुरुवात केली. त्यांच्या संख्येवरून आणि जागेवरून अभ्यासक नाण्याचे खरे वर्ष लावतात. त्याआधीच्या १८४० च्या रुपयाची गोष्टही हीच. कंपनी सरकारने ते एकच साल सुमारे दोन दशके चालवले. त्यातल्या आधीच्या रुपयांवर राणीचे नाव डोक्यावरून सलग वळते, नंतरच्यांवर ते डोक्याच्या दोन बाजूंना तुटते. शिवाय मानेच्या कडेवरची कोरणाऱ्याची आद्याक्षरे आणि मागच्या बाजूच्या वेलीतली फळे मोजून आणखी उपप्रकार पाडतात. साल एक, ठसे मात्र अनेक.

अमेरिकेतही असे घडले आहे. १८०४ सालचा प्रसिद्ध चांदीचा डॉलर पहिल्यांदा पाडला गेला तो १८३४ मध्ये, मस्कतच्या सुलतानाला आणि सयामच्या राजाला नजराणा देण्यासाठी!

दुसरा गैरसमज असा, की एका टाकसाळीची एका सालची सगळी नाणी हुबेहूब सारखी असतात. फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत सुरुवातीची चाळीसेक वर्षे साल, तारे आणि अक्षरे ठशावर हाताने, एकेक पंच ठोकून उमटवत. कारागिराचा हात केसभर सरकला तरी तो ठसा बाकीच्यांहून वेगळा झाला, आणि त्यातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर तोच फरक उतरला. १७९४ चे पहिले १,७५८ डॉलर एकाच ठसेजोडीतून निघाले, म्हणून ते ओळखणे सोपे आहे. १७९४ ते १८३६ च्या अर्ध्या डॉलरांसाठी मात्र कित्येक ठसे झिजले. नाणे-अभ्यासक अल ओव्हर्टन यांनी १९६७ मध्ये त्यांचे प्रकार क्रमांक देऊन मांडले. कुठल्या ताऱ्याचे टोक कुठल्या अक्षराकडे वळले आहे, सालातल्या दोन अंकांमध्ये किती फट आहे, अशा खुणांवर ही सगळी ओळख उभी आहे.

मग नाण्यावरचा कुठलाही फरक म्हणजे नवा प्रकार का? इथेच सर्वांत जास्त फसगत होते. कसोटी अशी की फरक ठशात जन्मलेला हवा. ठशावर जे खोल गेले ते नाण्यावर उठून येते. म्हणून ठशाला तडा गेला तर नाण्यावर उंचावलेली रेघ दिसते. नाणे वापरात असताना पडलेला ओरखडा मात्र आत गेलेला असतो. बोटाच्या नखानेही हा फरक कळतो. तडा असला तरी ठसा तोच, फक्त म्हातारा झालेला. छाप एका बाजूला सरकली असेल, तर ती त्या एका घावाची चूक. पुढच्या नाण्यावर ती नसते.

पुण्याच्या अंकुशी रुपयाकडे वळले की हा विषय खरा रंगतो. फारसी मजकूर आणि मोगल बादशहाचे नाव पाहून अनेक जण तो मोगलांचा मानतात. प्रत्यक्षात तो पेशवाईतला; अंकुशाची खूण तेच सांगते. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रजांनीही तो काही वर्षे पाडला, म्हणजे अंकुश दिसला तरी नाणे पेशव्यांच्याच काळातले असेल असेही नाही. ठसा बहुधा चांदीच्या चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे एका नाण्यावर मजकुराचा एखादा तुकडाच उमटतो. एका नाण्यावर दिसणारे अक्षर दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरून दोन ठसे ठरवणे चुकीचे. अनेक नाणी शेजारी ठेवून, सामाईक खुणा जुळवत पूर्ण ठसा कागदावर उभा करावा लागतो. चिकाटीचे काम आहे, पण मराठी मुलखाच्या चलनाचा इतिहास त्याशिवाय नीट लिहिता येत नाही.

आणि किंमत? दुर्मीळ ठसा म्हणजे लाखो रुपये, ही समजूत जाहिरातींनी वाढवली आहे. कमी नाणी आणि ती शोधणारे ग्राहक, दोन्ही असतील तरच भाव चढतो. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असे बँकेने २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितले आहे.

घरातला १८६२ चा रुपया तपासायचा असेल तर तो चिंचेने किंवा रांगोळीने घासू नये. त्याचे वजन ११.६६ ग्रॅमच्या आसपास आहे का ते आधी पाहावे. मग बाजूने तिरका प्रकाश पाडून भिंगातून सालाभोवती पाहावे. ते ठिपके इतके बारीक असतात की घासण्याने पुसट होऊ शकतात, आणि मग नाण्याचे खरे वर्ष सांगणारी खूणच उरत नाही.