प्रयोग, उपसंहार आणि संक्रांती : युद्धकलेतील शिष्य शिकवण्यास पात्र केव्हा होतो?

महाभारताच्या सौप्तिकपर्वात एकाच आचार्याचे दोन शिष्य परस्परांवर एकच अस्त्र सोडतात. अश्वत्थामा आणि अर्जुन या दोघांनाही ब्रह्मशिर अस्त्र द्रोणाचार्यांकडून मिळाले आहे. नारद आणि व्यास मध्ये उभे राहून ते आवरण्यास सांगतात, तेव्हा अर्जुन आपले अस्त्र परत घेतो. अश्वत्थाम्याला ते परत घेता येत नाही आणि तो ते पांडवस्त्रियांच्या गर्भांकडे वळवतो. अस्त्राच्या प्रयोगात दोघे तुल्यबळ आहेत. भेद आहे तो उपसंहारात, म्हणजे सोडलेले अस्त्र आवरून घेण्याच्या सामर्थ्यात. याच पर्वात त्याआधी श्रीकृष्णाने असे सांगितले आहे की, द्रोणांनी हे अस्त्र आपल्या पुत्राला त्याच्या हट्टामुळे आणि नाखुशीनेच दिले होते. कितीही संकट ओढवले तरी ते मनुष्यांवर सोडू नये अशी आज्ञा दिली होती आणि हा सज्जनांच्या मार्गावर टिकणार नाही अशी शंकाही बोलून दाखवली होती.

युद्धकलेचा शिष्य इतरांना शिकवण्यास पात्र केव्हा होतो, हा वरकरणी व्यायामशास्त्राचा प्रश्न वाटतो. तथापि निरनिराळ्या संस्कृतींनी त्याची उत्तरे कथा, नाटक, गुंडाळ्या आणि लोकोक्ती यांच्या रूपाने नोंदवून ठेवली असल्याने तो तौलनिक साहित्याभ्यासाच्या कक्षेतही येतो. या उत्तरांची मांडणी तीन निकषांत करता येते. प्रयोग म्हणजे स्वतःला येणे. उपसंहार म्हणजे आवरता येणे. आणि संक्रांती म्हणजे आपल्यातील विद्या दुसऱ्याच्या ठायी उतरवता येणे. यांपैकी प्रयोग हा सर्वांत सहज दिसणारा आणि मोजता येणारा निकष आहे. जुन्या परंपरांनी मात्र त्याला एकट्याला कधी पुरेसे मानलेले नाही.

आवरण्याची विद्या

केरळच्या कळरिपयट्टूमध्ये शिक्षणाचा क्रम ठरलेला असतो. प्रथम मेय्त्तारी, म्हणजे शरीराची घडण. नंतर कोल्त्तारी, म्हणजे लाकडी आयुधे. त्यानंतर अंकत्तारी, म्हणजे धातूची शस्त्रे. आणि शेवटी वेरुंकै, म्हणजे रिकाम्या हातांची लढत. नवख्या वाचकाला हा क्रम उलटा वाटण्याचा संभव आहे, कारण निःशस्त्र लढत ही प्राथमिक पायरी असेल अशी सर्वसाधारण समजूत असते. येथे ती अखेरीस येण्याचे कारण असे की, तिचा संबंध मर्मस्थानांच्या ज्ञानाशी आहे. कोणत्या स्थानी आघात केल्यास प्राण धोक्यात येतो हे ज्ञान निवडक शिष्यांनाच आणि दीर्घ सहवासानंतर दिले जाते. त्याच्याच जोडीने मर्माघातावरील उपचार आणि उळिच्चिल नावाचे मर्दनही शिकवले जाते. कळरीच्या आचार्याला 'गुरुक्कळ' म्हणतात. हा शब्द रूपाने आदरार्थी बहुवचन आहे. एका व्यक्तीच्या ठिकाणी मागील सर्व गुरूंची परंपरा उभी आहे असा त्याचा आशय सांगितला जातो. असा आचार्य परंपरेने योद्ध्यांचा शिक्षक तसाच वैद्यही असतो. ज्याला हाड मोडता येते पण बसवता येत नाही, त्याच्या हाती कोवळी मुले सोपवण्यास ही परंपरा तयार नसते. सौप्तिकपर्वातील उपसंहाराची कल्पना येथे प्रत्यक्ष शरीरविद्येच्या पातळीवर भेटते.

जपानी परंपरेत याला समांतर विचार आढळतो. याग्यू मुनेनोरी हा तोकुगावा घराण्यातील हिदेतादा आणि इएमित्सु या शोगुनांचा खड्गगुरू होता. त्याने १६३२ मध्ये 'हेईहो कादेनशो' हा ग्रंथ आपल्या घराण्याची विद्या पुढे सोपवण्यासाठी सिद्ध केला. त्याच्या दोन भागांची नावे 'मारणारे खड्ग' आणि 'जगवणारे खड्ग' अशा अर्थाची आहेत. शस्त्र हे अशुभ साधन असून नाइलाजानेच हाती घ्यावे, ही ताओ परंपरेतून आलेली धारणा मुनेनोरीने आपल्या विवेचनाच्या आरंभीच मांडली आहे. उरलेल्या भागाचे नाव 'शिन्रिक्यो', म्हणजे पादत्राण अर्पण करण्याचा पूल. हे नाव सिमा च्यान या चिनी इतिहासकाराने नोंदवलेल्या एका कथेकडे निर्देश करते. एक वृद्ध पुलावरून आपले पादत्राण मुद्दाम खाली टाकतो आणि झांग लियांग नावाच्या तरुणास ते आणून पायात घालावयास सांगतो. तरुण राग गिळून तसे करतो. वृद्ध त्याला पाच दिवसांनी पहाटे बोलावतो. तरुण दोनदा वृद्धाच्या मागून पोहोचतो आणि बोलणी खातो. तिसऱ्या खेपेस तो मध्यरात्रीच जाऊन थांबतो, तेव्हा त्याला युद्धशास्त्राचा ग्रंथ मिळतो. या परीक्षेत शस्त्राचा संबंध कोठेच नाही. हात उगारण्याची इच्छा झाली असता तो आवरता येतो काय, एवढेच येथे पाहिले जाते. विद्येच्या सुपूर्दनाम्याला खड्गगुरूने याच कथेवरून नाव द्यावे, ही गोष्ट अर्थपूर्ण म्हटली पाहिजे.

राखून ठेवलेला डाव

उपसंहाराचा निकष गुरूलाही लागू होतो. मात्र तेथे त्याचे स्वरूप पालटते. 'वस्ताद एक डाव राखून ठेवतो' ही उक्ती मराठी तालमींत आणि तालमीबाहेरही सर्वतोमुखी आहे. 'वस्ताद' हा शब्द फारसी 'उस्ताद'वरून आला, आणि या उक्तीतील कल्पनाही फारसी साहित्यात ठळकपणे भेटते. सादीच्या 'गुलिस्तान' (१२५८) या ग्रंथातील राजांविषयीच्या पहिल्याच प्रकरणात ही कथा आली आहे. एका मल्लाला ३६० डाव अवगत असतात. आवडत्या शिष्याला तो ३५९ शिकवतो आणि एक शिकवण्याचे लांबणीवर टाकत राहतो. गुरूचे श्रेष्ठत्व मी केवळ आदरापोटी मानतो, बळात मी कमी नाही आणि कौशल्यात बरोबरीचा आहे, अशी बढाई शिष्य राजापुढे मारतो. कुस्ती लावली जाते आणि राखलेल्या डावाने गुरू त्याला चीत करतो. 'गुलिस्तान' हा भारतात शतकानुशतके फारसीच्या अध्ययनातील पाठ्यग्रंथ होता. मराठी उक्ती या कथेतूनच उतरली असे ठामपणे म्हणण्याचे कारण नाही. आखाड्यातील सारख्या अनुभवातून सारखी उक्ती स्वतंत्रपणेही जन्मू शकते. मात्र दोन्हींतील भय एकच आहे. विद्या पूर्णपणे दिली की ती देणाऱ्यावरच उलटेल, हे ते भय होय.

या भयाला एक दुसरी बाजूही आहे. प्रत्येक पिढीने एक डाव राखला, तर काही पिढ्यांनंतर तालमीत शिकवण्याजोगे फारसे उरणार नाही. म्हणूनच ज्याला पुढे शिकवावयाचे आहे त्या शिष्यापुरता हा नियम मोडावाच लागतो. जपानी घराण्यांनी या क्षणाला नाव देऊन ठेवले आहे. तेथील परवान्यांत 'मोकुरोकु' ही खालची पायरी आहे. शब्दशः ती एक सूची असते. गुंडाळीवर डावांची नावे लिहिलेली असतात, कृती बहुधा लिहिलेली नसते. बाहेरच्या वाचकाला ती नावांची निरर्थक माळ वाटेल. ज्याच्या शरीरात ते डाव मुरले आहेत त्याच्या दृष्टीने मात्र ती स्मरणयादी असते. सर्वांत वरची पायरी 'मेन्क्यो काइदेन', म्हणजे समग्र संक्रमणाचा परवाना. राखलेले काही उरले नाही, अशी ही गुरूने दिलेली लेखी कबुलीच असते.

ज्युदोचे प्रवर्तक जिगोरो कानो यांनी स्वतः सांगितलेला प्रसंग येथे सादीच्या कथेशेजारी ठेवून वाचण्यासारखा आहे. कानो हे कितो-र्‍यू या घराण्याचे गुरू इइकुबो त्सुनेतोशी यांच्याकडे शिकत होते. एके दिवशी सरावात ते गुरूला वारंवार पाडू लागले, गुरूला मात्र त्यांना पाडता येईना. प्रतिस्पर्ध्याचा तोल आधी मोडून मग डाव टाकावा, हे आपल्याला गवसलेले तत्त्व कानो यांनी गुरूला उलगडून सांगितले. त्यावर इइकुबो यांनी आता शिकवण्यासारखे आपल्याजवळ काही उरले नसल्याचे सांगितले आणि घराण्याचे लेखही त्यांच्या स्वाधीन केले. सादीच्या कथेत शिष्य राजाकडे जाऊन बढाई मारतो. येथे शिष्य गुरूला कारण समजावून सांगतो. बळाचे नाते दोन्हीकडे सारखेच आहे, पण निष्पत्ती भिन्न आहे. कानो यांची शिकवण्याची पात्रता गुरूला पाडण्यात सिद्ध होते असे मानण्यापेक्षा, आपण कसे पाडले हे सांगता येण्यात ती सिद्ध होते असे मानणे अधिक युक्त ठरेल. आपल्याला जे जमले ते का जमले हे शब्दांत मांडता येणे, हा संक्रांतीचा आरंभबिंदू होय.

संक्रांतीची परीक्षा

'संक्रांती' ही संज्ञा कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकातून येथे घेतली आहे. पहिल्या अंकात गणदास आणि हरदत्त हे दोन नाट्याचार्य श्रेष्ठत्वासाठी भांडतात. निवाडा परिव्राजिका कौशिकीकडे येतो. काहींच्या ठिकाणी कला स्वतःपुरती उत्तम वसते, काहींना ती दुसऱ्यात उतरवण्याचे विशेष कौशल्य असते आणि ज्याच्याजवळ दोन्ही आहेत त्यालाच शिक्षकांच्या अग्रभागी बसवावे, असे तिचे मत आहे. म्हणून आचार्यांनी स्वतः प्रयोग न करता त्यांच्या शिष्यांनी तो करून दाखवावा असे ठरते. राजाला मालविका पाहता यावी यासाठी विदूषकाने रचलेल्या कारस्थानाचाही हा भाग आहे. परंतु कथानकाची सोय बाजूला ठेवली तरी त्यातील शिक्षणविचार टिकून राहतो. शिक्षकाची परीक्षा त्याच्या शरीरावर न होता त्याच्या शिष्याच्या शरीरावर होते.

या विचारातून एक अडचण उभी राहते. ज्याने अद्याप कोणालाही शिकवलेले नाही, त्याची ही परीक्षा कशी घ्यावी? तालमीने या पेचावर व्यवहारातून उत्तर काढलेले दिसते. जोर-बैठका मारून झाल्यावर थोरला पठ्ठ्या धाकट्यांना खेळवतो. आपल्याहून कमी ताकदीच्या पोराशी तो जोर आवरून लढतो, त्याला डाव टाकू देतो आणि चुकला की थांबवतो. वस्ताद हौद्याच्या कडेला बसून पाहत असतो. त्या वेळी तो धाकट्याइतकेच थोरल्यालाही पारखत असतो, कारण या एकाच कृतीत प्रयोग, उपसंहार आणि संक्रांती हे तिन्ही निकष एकत्र येतात. थोरल्याला यासाठी कोणी पदवी देत नाही. 'आता तू पोरांकडे बघ' हे वस्तादाचे शब्द हाच त्याचा परवाना असतो.

लेखी प्रमाणपत्राचे युग

आधुनिक काळात या निर्णयाचे स्वरूप बदलले. कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही संस्था स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी दोन शिष्यांना पहिली 'दान' श्रेणी दिली. श्रेणीची ही कल्पना 'गो' या पटावरील खेळात आधीपासून रूढ होती. कराटेमध्ये गिचिन फुनाकोशी यांनी १९२४ मध्ये ती स्वीकारली. जुने परवाने शिष्याचे घराण्याशी असलेले नाते सांगत. दान श्रेणी त्याच्या प्रगतीचा टप्पा सांगते. पहिल्या श्रेणीला 'शोदान' म्हणतात आणि त्यातील 'शो' या घटकाचा अर्थ आरंभ असा आहे. काळा पट्टा मिळाला म्हणजे माणूस शिक्षक झाला, ही प्रचलित समजूत त्या शब्दालाच मान्य नाही. मराठीतही एक स्थित्यंतर घडले. द. चिं. मुजुमदार यांनी संपादिलेला व्यायाम ज्ञानकोश १९३६ पासून बडोद्याहून प्रसिद्ध होऊ लागला आणि मौखिक परंपरेतील विद्या छापील पानावर आली. १९६१ मध्ये पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली आणि प्रशिक्षकासाठी पदविकेची वाट खुली झाली.

या बदलाची केवळ हळहळ करणे योग्य होणार नाही. वस्तादाच्या शब्दावर सर्व भिस्त ठेवणारी व्यवस्था अन्यायीही असू शकते, याची साक्ष आदिपर्वातील एकलव्याची कथा देते. भुंकणाऱ्या कुत्र्याचे तोंड एकलव्य सात बाणांनी भरून टाकतो. कुत्रा मात्र जिवंतपणे पांडवांपर्यंत पोहोचतो. प्रयोग आणि संयम या दोहोंचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच सापडेल. तरीही त्याच्या जन्मामुळे मान्यतेचा शब्द त्याला मिळत नाही. उलट अंगठा मागितला जातो. दार उघडण्याचा अधिकार एकाच माणसाच्या हाती असेल, तर ते बंद ठेवण्याचा अधिकारही त्याच्याच हाती असतो. जात, कुळ किंवा लिंग न पाहता अर्जदाराची परीक्षा घेण्याचे तत्त्व पदविका स्वीकारते, आणि हे तिचे मोठे श्रेय आहे.

मात्र प्रमाणपत्राला जे मोजता येते ते मुख्यतः प्रयोग होय. अध्यापनाच्या चाचणीतून संक्रांतीही काही अंशी जोखता येते. उपसंहार त्याच्या चौकटीत सहजासहजी बसत नाही. संताप आला असता एखादा शिक्षक चौदा वर्षांच्या मुलाशी कसा वागेल, हे दीर्घ सहवासाखेरीज कळत नाही. गुरूच्या शब्दामागे हा सहवास उभा होता. प्रमाणपत्राने पक्षपाताला आळा घालताना त्या सहवासाचीही जागा घेतली.

क्रीडाप्रशिक्षकांसाठी भारत सरकारने १९८५ पासून दिलेल्या पुरस्काराला द्रोणाचार्यांचे नाव आहे. पहिल्या वर्षीच्या मानकऱ्यांत कुस्तीचे प्रशिक्षक भालचंद्र भास्कर भागवत होते. प्रशिक्षकाची योग्यता त्याच्या शिष्यांच्या कामगिरीवरून ठरवण्याचा या पुरस्काराचा दंडक कौशिकीच्या निवाड्याशी जुळणारा आहे. परंतु ज्यांचे नाव त्याला दिले आहे ते द्रोण महाभारतात दोनदा चुकतात. एकलव्य सिद्ध असताना ते त्याला नाकारतात आणि अश्वत्थामा सिद्ध नसताना त्याला अस्त्र देतात. पहिल्या चुकीमागे कुळाचा विचार आणि अर्जुनाला दिलेला शब्द आहे, तर दुसरीमागे पुत्रस्नेह. त्यामुळे शिष्याच्या पात्रतेबरोबरच ती ठरवणाऱ्याची पात्रता हाही या प्रश्नाचा अविभाज्य भाग ठरतो. अस्त्र देण्यापूर्वी द्रोणांना शंका आली होती, तिचा उच्चारही त्यांनी केला होता. आवरता आला नाही तो देणारा हात. उपसंहाराच्या परीक्षेत त्या दिवशी शिष्याच्या आधी आचार्य अनुत्तीर्ण झाला होता.