महामार्गावरचे पिण्याचे पाणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीत डिझेल, टोल आणि टायर यांचा हिशेब पैपैने ठेवला जातो. चालक आणि क्लीनर यांच्या पिण्याच्या पाण्याचा खर्च मात्र फेरीच्या भत्त्यात जेवणखाणाबरोबर मिसळून जातो आणि त्यामुळे तो सहसा कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. उन्हाळ्यात दोघांना मिळून दिवसाला आठ लिटर पाणी लागते असे धरले आणि ते सगळे लिटरमागे २० रुपये मोजून बाटल्यांतून घेतले, तर महिन्यातल्या २५ दिवसांचे ४,००० रुपये होतात. ही रक्कम टाळता येण्याजोगी आहे. परंतु हक्काचे पाणी कोठे मिळते आणि पाणी शुद्ध आहे म्हणजे नेमके काय, या दोन्ही बाबतींत रस्त्यावर इतके समज रूढ झाले आहेत की त्यांपायी कधी पैसा जातो, तर कधी प्रकृती.

गैरसमज : पेट्रोल पंपावरचे पाणी तेथे डिझेल भरणाऱ्यांसाठीच असते.

वस्तुस्थिती : सरकारी तेल कंपन्यांची ‘विपणन शिस्त मार्गदर्शक तत्त्वे’ म्हणून एक नियमावली आहे; पंपचालकाने कोणत्या सोयी द्याव्यात आणि त्या न दिल्यास कोणती कारवाई व्हावी, हे तीत ठरवून दिलेले असते. टायरमध्ये मोफत हवा, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि प्रथमोपचार पेटी या सोयी तिच्यानुसार पंपावर असाव्याच लागतात, आणि पाणी नाकारले गेल्यास पंपावर लावलेल्या कंपनीच्या क्रमांकावर तक्रार करता येते. याशिवाय महामार्गांवरील काही पंपांवर या कंपन्यांनी ‘अपना घर’ नावाची चालकांसाठीची विश्रामस्थाने उभारली असून २०२५च्या मध्यापर्यंत त्यांची संख्या साडेतीनशेच्या पुढे गेली होती. झोपण्याच्या खाटा, आंघोळीचा हौद आणि स्वतः स्वयंपाक करण्याची जागा यांबरोबर तेथे शुद्ध केलेले पाणीही मिळते.

गैरसमज : १८६७च्या सराई कायद्यानुसार कोणत्याही हॉटेलात फुकट पाणी मागता येते.

वस्तुस्थिती : मोबाइलवर वर्षानुवर्षे फिरणाऱ्या संदेशांनी हा समज पसरवला आहे. सराई म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामाची जागा. ती चालवणाऱ्याने खोल्या, गटारे, तसेच माणसे व जनावरे जेथून पाणी घेतात त्या विहिरी व टाक्या स्वच्छ ठेवाव्यात, एवढीच पाण्याबाबतची जबाबदारी हा कायदा घालतो, येणाऱ्याजाणाऱ्याला मोफत पाणी देण्याचे बंधन घालत नाही. ढाब्यावर जेवणाआधी पाण्याचा जग पुढ्यात येतो तो रिवाज म्हणून, आणि गावोगावच्या पाणपोया चालतात त्या लोकांच्या दानबुद्धीवर. दोन्ही गोष्टी मोलाच्या असल्या, तरी त्यांवर कायद्याचा दावा सांगता येत नाही.

गैरसमज : गार बाटलीला छापील किमतीवर दोन-पाच रुपये जास्त घेणे दुकानदाराचा हक्कच आहे.

वस्तुस्थिती : वैध मापनशास्त्राच्या २०११च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार, म्हणजे बंद वेष्टनातील मालावर वजन, किंमत इत्यादी तपशील छापण्याविषयीच्या नियमांनुसार, किरकोळ विक्रेत्याला छापील कमाल किमतीपेक्षा अधिक घेता येत नाही आणि फ्रीजचे वीजबिल हे त्याला अपवाद ठरत नाही. मात्र डिसेंबर २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेले व उपाहारगृहे यांचा विचार वेगळा केला, कारण तेथे बाटलीबरोबर बसण्याची जागा आणि वाढपाची सेवाही मिळते. म्हणून बाजेवर बसून जेवणाऱ्याकडून जादा आकारणी झाल्यास ढाबेवाला या निकालाकडे बोट दाखवू शकतो, टपरीवरून बाटली उचलून पुढे निघणाऱ्याच्या बाबतीत मात्र टपरीवाल्याला तसे करता येत नाही. अशा आकारणीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदवता येते.

गैरसमज : पाणी नितळ आणि गोड असले, किंवा ते उकळले, की शुद्धच.

वस्तुस्थिती : पाण्यातील दोष स्थूलमानाने तीन प्रकारचे असतात. एक गढूळपणा, दुसरा रोगजंतू आणि तिसरा विरघळलेले क्षार. यांतील एकावरचा उपाय दुसऱ्यावर चालतोच असे नाही. तुरटी फिरवल्याने गाळ तळाशी बसतो, पण सगळे जंतू मरत नाहीत. उकळल्याने जंतू मरतात, पण क्षार जसेच्या तसे राहतात, किंबहुना वाफ निघून गेल्यामुळे त्यांचे प्रमाण किंचित वाढते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी उकळूनही खारटच लागते, ते याच कारणाने. पाण्यात बुडवून आकडा दाखवणारे टीडीएस मीटर, म्हणजे विरघळलेल्या एकूण घन द्रव्यांचे प्रमाण मोजणारे उपकरण, हा तिसरा दोष तेवढा दाखवते. भारतीय मानकानुसार हे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसल्यास २,०००पर्यंत चालते. परंतु १०० आकडा दाखवणाऱ्या पाण्यातही अतिसाराचे जंतू असू शकतात.

वाटसरूच्या दृष्टीने या दोषांच्या धोक्यांचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. जास्त क्षारांचे पाणी वर्षानुवर्षे पिणाऱ्या गावकऱ्याला जो धोका असतो, तो तेथे एक दिवस थांबणाऱ्या चालकाला सहसा नसतो. दूषित पाण्याचा एक पेलाही मात्र त्याला अर्ध्या वाटेत आडवा करू शकतो. म्हणून पाणी नितळ असेल तर क्लोरीनची गोळी पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात टाकून ते अर्धा तास झाकून ठेवावे, आणि गढूळ असेल तर आधी निवळून व गाळून घ्यावे, कारण गाळामुळे क्लोरीनचा प्रभाव घटतो. जारच्या पाण्याचीही गत अशीच आहे : गारपणा ही शुद्धतेची खूण नव्हे, आणि ज्या जारला सीलबंद झाकण नाही, वेष्टनावर तारीख नाही व अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक नाही, त्यात नुसते गार केलेले बोअरचे पाणीही असू शकते.

गैरसमज : केबिनमध्ये तापलेल्या बाटलीतले पाणी विष बनते.

वस्तुस्थिती : या बाटल्यांच्या प्लास्टिकमधून अँटिमनी नावाचे मूलद्रव्य उष्णतेने पाण्यात उतरते, हे खरे आहे, प्रश्न प्रमाणाचा आहे. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, तेथील पेयजलाची मर्यादा ओलांडली जाण्यास ६५ अंश सेल्सिअस तापमानात सुमारे ३८ दिवस, तर ६० अंशांत १७६ दिवस लागतील. दुपारभर तापलेली बाटली त्यामुळे घातक ठरत नाही, तरीही साठा सावलीत ठेवणे इष्टच. तीच बाटली तोंड लावून, न धुता आठवडाभर भरत राहण्यात जंतू वाढण्याचा धोका मात्र निश्चितच अधिक आहे.

गैरसमज : पाणी कमी प्यायले की थांबे वाचतात.

वस्तुस्थिती : इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठात २०१५मध्ये ११ जणांवर एक प्रयोग झाला. दोन तासांच्या आभासी वाहनचालनात पुरेसे पाणी प्यायलेल्या दिवशी त्यांच्याकडून सरासरी ४७ चुका झाल्या, तर अपुरे पाणी मिळालेल्या दिवशी १०१. प्रयोग लहान असला तरी त्याचा रोख स्पष्ट आहे, आणि सतत कमी पाणी पिण्याने मूतखड्याचा धोका वाढतो हे तर वैद्यकशास्त्राला पूर्वीपासून ठाऊक आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालमोटारींना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली असली, तरी रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांत इंजिनाची धग सोसणाऱ्यांची पाण्याची गरज त्याने कमी होत नाही.

एकूण पाहता, स्वस्त पाण्याचा मार्ग बाटलीचा ब्रँड बदलण्यात नसून साठवणीत आहे : तोटी असलेला, धुता येण्याजोगा १५-२० लिटरचा कॅन रोज एका खात्रीच्या ठिकाणी भरून घेतला आणि बाटली अडचणीपुरती ठेवली, तर ४,००० रुपयांतला बराचसा भाग हातात राहतो. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गासारख्या, ठरावीक ठिकाणीच आत-बाहेर करता येणाऱ्या रस्त्यांवर ही गरज आणखी तीव्र होते, कारण तेथे वाटेत गाडी बाजूला घेऊन नळ किंवा पाणपोई शोधण्याची सोय नसते आणि चढण्यापूर्वी भरलेल्या कॅनवरच पुढचे कित्येक तास काढावे लागू शकतात.