भाचीच्या पोतडीतली मोकळी हत्यारे

सुतार कामाला निघाला की त्याच्या पिशवीत करवत, रंधा, पटाशी असते. गवंड्याजवळ थापी आणि ओळंबा असतो. हे आपल्या वस्तीतल्या लेकराबाळांनाही ठाऊक आहे. पण आता आपली मुले-मुली सॉफ्टवेअरच्या कामात शिरली आहेत. त्यांच्या पिशवीत कोणती हत्यारे असतात, हे मात्र आपण सहसा विचारत नाही. मीही विचारले नव्हते. गेल्या बुद्धपौर्णिमेला माझी भाची पुण्याहून आली आणि त्या चार दिवसांत माझे डोळे उघडले.

आमच्या महिला मंडळाची स्मरणिका काढायची होती. मंडळाची जुनी इतिवृत्ते आम्ही २००३ साली पैसे देऊन एका टायपिंगवाल्याकडून संगणकावर घेतली होती. त्याची सीडी मी कपाटात जपून ठेवली होती. भाचीने ती उघडली, तर पडद्यावर मराठीचे एकही अक्षर नाही! इंग्रजी अक्षरे, टिंबे, आकड्यांचा नुसता काला. माझ्या पोटात गोळा आला. इतक्या वर्षांचे ठराव, वर्गणी देणाऱ्या बायांची नावे, सारे गेले असेच वाटले.

भाची म्हणाली, "मावशी, घाबरू नकोस. फाईल शाबूत आहे. फक्त तो जुना फॉन्ट या मशीनवर नाही."

मग तिने समजावून सांगितले. संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्याच क्रमांकावर मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असे. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. फॉन्ट गेला की चित्र गेले आणि खालचे इंग्रजी उघडे पडले. यावर उपाय म्हणून युनिकोड आले. जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना त्यात कायमचे क्रमांक दिले आहेत. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि तिच्यात आपली देवनागरी होती. ‘भीम’ हा शब्द घ्या. त्यातला भ २३४९, दीर्घ वेलांटी २३६८ आणि म २३५०. मुंबईत टाईप करा की लंडनमध्ये, क्रमांक तेच राहणार.

जुन्या फॉन्टचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारे एक छोटे सॉफ्टवेअर तिच्याजवळ होते. मजकूर त्यात टाकताच मराठी झाली. पण रफार भलतीकडे गेले, जोडाक्षरे काही ठिकाणी तुटली. म्हणून मंडळाच्या दोघीजणींनी हातची वही समोर ठेवून ओळ न् ओळ तपासली. यंत्राने काम हलके केले, तरी नजर माणसाचीच लागते.

मी कारकुनी केलेली बाई. पहिला प्रश्न पैशाचा. "याचे किती द्यायचे?" भाची म्हणाली, "काही नाही." मला वाटले चोरीची नक्कल असेल. आपल्याकडे दुकानदार सर्रास तशी घालून देतात आणि तिच्यासोबत व्हायरसही घरात येतो. पण हे तसे नव्हते. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन या सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाने १९८३ साली एक चळवळ जाहीर केली. सॉफ्टवेअर कोणालाही वापरता यावे, ते कसे बनले हे पाहता यावे, त्यात सुधारणा करता यावी आणि दुसऱ्याला देता यावे, असे त्याचे म्हणणे. त्याने घडवलेल्या परवान्यात एक अटही आहे. सुधारलेले सॉफ्टवेअर वाटायचे असेल, तर घेणाऱ्यालाही हे सारे हक्क द्यावे लागतात. आपण दानपारमिता म्हणतो, तिच्याजवळ जाणारी ही रीत आहे. अशा सॉफ्टवेअरला फुकट म्हणण्यापेक्षा मोकळे म्हणावे, हे मला पटले.

अशीच तीन मोकळी हत्यारे तिने मला दाखवली.

पहिले लिबर ऑफिस. हे २०१० पासून निघते. पत्र, अर्ज, हिशेब, सारे यात होते. मी मंडळाची वर्षभराची वर्गणी त्यात मांडली. खाली बेरीज आपोआप येते आणि थकबाकीदार वेगळे काढता येतात. बी.कॉम. होऊनही दर मार्चला रात्र रात्र बसणारी मी, एका दुपारी मोकळी झाले.

दुसरे ऑडॅसिटी. १९९९ साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात याचे काम सुरू झाले. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीला, १४ एप्रिल १९९१ रोजी, आमच्या वस्तीतल्या बायांनी रात्रभर भीमगीते गायली होती. त्याची एक कॅसेट घरी होती. तिच्यात माझ्या आईचा आवाज आहे. आई २०११ साली गेली. फीत तुटेल या भीतीने ती कॅसेट मी पुन्हा लावलीच नव्हती. भाचीने एक बोटभर यूएसबी साउंड कार्ड आणले. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून त्या कार्डात घातली आणि कार्ड संगणकाला लावले. कॅसेट जितका वेळ वाजते, तितकाच वेळ भरायला लागतो. मग नुसती खरखर असलेला एक तुकडा निवडून दाखवला की हे सॉफ्टवेअर तसली खरखर सगळीकडून कमी करते. फार कमी करू नये, नाहीतर आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. आईचा आवाज स्वच्छ आला, तेव्हा घरात कोणी बोलले नाही. तिच्याबरोबर गाणाऱ्या बहुतेक जणी आज नाहीत. त्यांच्या नातवंडांनाही आम्ही ते गाणे दिले.

तिसऱ्या हत्याराने मला खरा धडा दिला. त्याचे नाव एनव्हीडीए. पडद्यावरचा मजकूर ते मोठ्याने वाचून दाखवते. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ साली ते लिहायला घेतले. अशी सॉफ्टवेअर तेव्हा फार महाग होती. पुढे जेम्स तेह हा त्याचा दृष्टिहीन मित्र सोबतीला आला. दुसऱ्याने दया करावी म्हणून ते बसून राहिले नाहीत. आमच्या वस्तीतला एक दृष्टिहीन मुलगा बँकेच्या परीक्षेची तयारी करतो. त्याच्या संगणकावर भाचीने ते चढवून दिले. ते मराठीही वाचते. पण त्याला मिळालेल्या काही नोट्स जुन्या फॉन्टमधल्या होत्या. त्या वाचताना यंत्र निरर्थक इंग्रजी अक्षरे बडबडू लागले. आपल्याला जे दिसायला ठीक वाटते, ते त्या मुलाला बंद दार असते, हे तेव्हा कळले. युनिकोडमध्ये टाईप करणे ही नुसती सोय नाही. ज्याला दिसत नाही त्यालाही पंगतीत बसवण्याची ती गोष्ट आहे.

एक सावधगिरीही सांगते. मोबाईलवरचे प्रत्येक फुकट ॲप मोकळे नसते. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपने आपल्या फोनमधील नावे-नंबर मागितले, तर तिथेच थांबावे. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम करून कर्जाच्या ॲपला ती यादी पाहण्यास मनाई केली. सॉफ्टवेअर नेहमी मूळ बनवणाऱ्यांच्याच ठिकाणावरून घ्यावे. आणि महत्त्वाच्या फाईलच्या तीन प्रती ठेवाव्यात. त्यांतली एक दुसऱ्याच्या घरी असावी. घरात पाणी शिरले की एकाच कपाटातल्या तिन्ही प्रती एकदमच जातात.

बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढले, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. पुढे बाबासाहेबांनी स्वतःचा छापखाना उभा केला. आपले म्हणणे छापण्याचे हत्यार आपल्या हाती असावे, याची किंमत ते जाणून होते. आज ते हत्यार वस्तीतल्या एखाद्या जुन्या संगणकावरही बसते. मग ते शिकायला आपण मागे का राहावे?

प्रत्येक विहारात महिन्यातून एक रविवार यासाठी ठेवावा. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी त्या दिवशी दोन तास द्यावेत. विंडोज आणि लिनक्स दोन्हींत मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक आधीपासूनच असतो, सेटिंगमध्ये जाऊन फक्त चालू करायचा. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. तो एकदा बोटांत बसला की हिंदीही त्याच जागांवर सापडते. मी चाळिशी ओलांडल्यावर तो शिकले. हा लेखही मी त्यावरच टाईप केला आहे.

जयभीम!