रियाधला बिऱ्हाड नेण्याआधी वही काढा

आमच्या दुकानाच्या ओट्यावर पूर्वी शिलाईचे काम करणारा एक कारागीर मध्यंतरी रियाधहून सुटीवर आला. तिथे एका शिलाई कारखान्यात तो आता देखरेखीच्या कामावर आहे. पगार चार हजार रियाल. म्हणाला, "चाचा, या वेळी बायको आणि दोन्ही मुलांना घेऊन जातो." आनंदाची गोष्ट होती. पण व्यापाऱ्याचा हात आधी वहीकडे जातो. आम्ही दोघांनी हिशेब मांडला, तो वाचक बंधूंच्या उपयोगी पडेल म्हणून इथे देत आहे.

पहिला आकडाच त्याला अडवणारा निघाला. सौदी सरकारने 1 जुलै 2017 पासून परदेशी नोकरदाराच्या सोबत राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबीयावर दरमहा 100 रियाल फी बसवली. ती दरवर्षी शंभराने वाढत जुलै 2020 मध्ये 400 वर गेली. बायको आणि दोन मुले म्हणजे महिन्याला 1,200 आणि वर्षाला 14,400 रियाल. रियालचा भाव 23 रुपये धरला तर 3,31,200 रुपये झाले. चार हजारांच्या पगारात हे साडेतीन महिन्यांहून अधिक कमाईचे पैसे आहेत, आणि तेही इकामा नूतनीकरणाच्या वेळी आगाऊ भरायचे. घरभाडे, किराणा, शाळा यांचा अजून पत्ताच नाही. कामगाराच्या स्वतःच्या इकाम्याची आणि वर्क परमिटची फी तिथल्या कामगार कायद्याप्रमाणे मालकाने भरायची असते. कुटुंबाची फी मात्र सहसा कामगाराच्याच खिशातून जाते. त्या वर्षांत कित्येकांनी बायको-मुलांना गावी परत पाठवले ते याच कारणाने.

घरभाडे तिथे आपल्यासारखे महिन्याच्या महिन्याला देण्याची रीत कमी. बहुधा सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे एकदम द्यावे लागते आणि करार सरकारी 'ईजार' व्यवस्थेत नोंदवावा लागतो. भाडी इतकी चढली की 25 सप्टेंबर 2025 रोजी सरकारने रियाध शहरापुरती पाच वर्षे भाडेवाढ गोठवली. जो घरात आहे त्याला दिलासा आहे. नव्याने घर शोधणाऱ्याला मात्र चढलेल्या भावातच शिरावे लागते. बाजारात बहुतेक मालावर 15 टक्के व्हॅट आहे (2020 च्या जुलैआधी तो पाच टक्के होता). पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त, आणि डिसेंबर 2024 पासून मेट्रोही धावू लागली. पण मेट्रोने घरभाडे भरता येत नाही.

मुलांचे म्हणाल तर रियाधमध्ये सीबीएसई अभ्यासक्रमाच्या भारतीय शाळा आहेत. शिक्षण इंग्रजी माध्यमाचे. आमच्याकडच्या उर्दू किंवा मराठी शाळेतून पाचवी-सहावीत गेलेल्या मुलाला ते जड जाते. हे मी उर्दू शाळेत शिकलेला माणूस म्हणून सांगतो.

कागदांचा भाग तर आणखी चिवट आहे. काझी साहेबांचा उर्दू निकाहनामा घरात जपून ठेवलेला असतो, पण फॅमिली व्हिसासाठी तेवढ्यावर भागत नाही. नगरपालिकेचे किंवा ग्रामपंचायतीचे विवाह नोंदणी प्रमाणपत्र हवे, त्यावर राज्य शासनाची आणि परराष्ट्र मंत्रालयाची मोहोर हवी. मुलांच्या जन्मदाखल्यांचेही तेच. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे आणि पासपोर्टवर तिसरे, असे आपल्या समाजात फार होते. ते आधी दुरुस्त करून घ्यावे. शिवाय इकाम्यावर हुद्दा काय लिहिला आहे हे पाहावे. शिंपी, मजूर, ड्रायव्हर अशा हुद्द्यावर फॅमिली व्हिसा सहसा मिळत नाही.

आमच्या कारागिराने शेवटी बिऱ्हाड हलवले नाही. शाळेच्या सुटीत विजिट व्हिसावर बायको-मुलांना बोलवायचे असे ठरवले. विजिटवर आलेल्यांना ती दरमहाची फी लागत नाही.

जे नव्याने, एकटे जाणार आहेत त्यांचा धोका वेगळा आहे. माझ्या नात्यातल्या एका मुलाने 'आझाद व्हिसा'च्या नावाने एका दलालाला लाखाच्या वर रक्कम दिली. तिथे पोहोचल्यावर कफील कागदावरच होता, काम शोधायचे स्वतः आणि दरमहा कफीलला पैसे द्यायचे. आठ महिन्यांत तो परत आला. आईचे दागिने काही परत आले नाहीत. आझाद व्हिसा नावाची चीज सौदी कायद्यात नाहीच. ज्याच्या नावाचा व्हिसा, त्याच्याऐवजी दुसरीकडे काम करणे गुन्हा आहे. 14 मार्च 2021 पासून एक वर्ष पूर्ण झाल्यावर ठरलेल्या अटींवर मालक बदलता येतो, पण घरकामगार आणि घरगुती ड्रायव्हर त्यातून वगळले आहेत.

दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा शेरा असतो. त्याला जाण्याआधी प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्सची मंजुरी लागते. हा शेरा पुष्कळांना कमीपणाचा वाटतो, पण त्यामुळे करार सरकारच्या नजरेखालून जातो. नोंदणीकृत एजंटला 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढीच फी घेता येते. त्याची नोंदणी ई-मायग्रेटवर तपासता येते. प्रवासी भारतीय विमा योजना दोन वर्षांसाठी 275 रुपयांत दहा लाखांचे संरक्षण देते. दुकानात विक्रेत्याची नोकरी लावून देतो असे कोणी म्हणाले तर सावध राहावे. सप्टेंबर 2018 पासून तयार कपड्यांच्या दुकानांतल्या बहुतेक जागा सौदी नागरिकांसाठी राखीव आहेत.

सामान बांधताना दोन गोष्टी. अरबस्तान म्हणून कोणी गरम कपडे नेत नाही, पण रियाधची डिसेंबर-जानेवारीची रात्र आपल्या वाशीमपेक्षा बोचरी असते. एक चांगली रजाई आणि स्वेटर घ्यावा. आणि मसाल्याच्या डब्यातली खसखस घरीच काढून ठेवावी. तिथे ती अमली पदार्थांत मोजली जाते. शेजाऱ्याने "माझ्या भावाला द्या" म्हणून दिलेले बंद पुडके असेल तर ते त्याच्या समोर उघडून पाहावे, मग पेटीत ठेवावे.