स्लॅबखाली झाकले जाण्यापूर्वी : जबलपुरातील साइट इंजिनिअरचा एक दिवस

गृहकर्ज घेऊन घर बांधणाऱ्या ग्राहकाला मंजूर रक्कम एकदम मिळत नाही, हे आपणांस ठाऊक आहेच. जोते झाले की काही रक्कम, स्लॅब झाला की काही, भिंती व गिलावा पूर्ण झाला की पुढची, अशी ती टप्प्याटप्प्याने वितरित होते आणि त्या त्या टप्प्याचे काम झाल्याचे प्रमाणपत्र शाखेत द्यावे लागते. तो कागद फाइलला लागला की आपल्या दृष्टीने विषय संपतो. मात्र ज्या कामाविषयी तो कागद बोलतो, त्याचा मोठा भाग तोपर्यंत काँक्रीटच्या पोटात गेलेला असतो आणि पुन्हा कधीही दिसणार नसतो. तो झाकला जाण्यापूर्वी पाहून घेणे हे साइट इंजिनिअरचे, म्हणजेच बांधकामस्थळावरील अभियंत्याचे काम होय.

वास्तुविशारद नकाशा काढतो, आर.सी.सी. डिझायनर सळयांचे व काँक्रीटचे गणित मांडतो, ठेकेदार माणसे व साहित्य आणतो. कागदावरचे हे सारे प्रत्यक्षात तसेच उतरते आहे की नाही, हे दिवसभर उन्हात उभे राहून पाहणारा हा चौथा माणूस बहुधा पंचविशीतला असतो. त्याचा पगारही पुष्कळदा ज्याचे काम त्याने अडवायचे, त्या ठेकेदाराकडूनच होत असतो. ही अडचण लक्षात ठेवून पुढील दिनक्रम वाचावा.

उदाहरणादाखल जबलपूर घेण्यास कारण आहे. १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली असलेले हे शहर मराठी माणसाला परके नाही. येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ सालचे. मात्र या शहराच्या पायाखालची जमीन एकसारखी नाही. मदनमहालकडे ग्रॅनाइटचे उघडे खडक, तर अन्यत्र पावसात फुगणारी व उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती. शिवाय नर्मदेचे खोरे भूकंपप्रवण आहे. २२ मे १९९७ रोजी पहाटे सव्वाचारनंतर काही मिनिटांतच येथे सुमारे ६ रिश्टर क्षमतेचा धक्का बसला. सुमारे चाळीस माणसे दगावली व हजारो घरांची हानी झाली.

किल्लारीचा १९९३ सालचा भूकंप आठवणाऱ्या वाचकांना दगडमातीच्या भिंती ढासळल्याचे नवल वाटणार नाही. जबलपुरात अभियंत्यांना विचार करायला लावले ते काही आधुनिक बहुमजली इमारतींनी. वाहनतळासाठी ज्यांचा तळमजला नुसत्या खांबांवर मोकळा सोडला होता, त्यांचे वरचे मजले बरेचसे शाबूत राहिले आणि तळमजल्याचे खांब मात्र तडकले. वर विटांच्या भिंतींमुळे इमारत ताठ आणि खाली आधाराला केवळ खांब. हादऱ्याचा सारा ताण त्या खांबांवर आला. म्हणून खांबातील सळयांना बांधून ठेवणाऱ्या रिंगांकडे इतके लक्ष द्यायचे असते.

आता मे महिन्यातील स्लॅबचा दिवस पाहू. सकाळी सहाला अभियंता साइटवर असतो, कारण दुपारी पारा ४२ अंशांच्या आसपास जातो आणि ओतताना काँक्रीटचे तापमान ४० अंशांवर जाऊ नये असा संकेत आहे. हजेरी घेणे, सिमेंटच्या गोण्या मोजणे ही कामे मुकादमाच्या मदतीने चटकन उरकतात. भाषेची मात्र गंमत आहे. आपली खडी येथे गिट्टी, वाळू रेत, गवंडी मिस्त्री, तर ‘पाणी मारणे’ म्हणजे तराई. विदर्भातील वाचकांना यातील काही शब्द घरचेच वाटतील.

खरी तपासणी सेंट्रिंगवर चढल्यावर सुरू होते. हातात नकाशा आणि टेप. सळई किती मिलिमीटरची, दोन सळयांत अंतर किती, जोड एकाच रेषेत तर आले नाहीत ना, आणि सळईखाली कव्हर ब्लॉक आहेत का? ब्लॉक नसले तर सळई फळीला टेकते, पुढे तिच्यापर्यंत ओल पोहोचते, ती गंजते, गंजताना फुगते आणि काही वर्षांनी छताचे पापुद्रे सुटू लागतात. एका लहानशा ठोकळ्याचा हा प्रताप आहे! त्यानंतर अभियंता वरच्या मजल्यासाठी उभारलेल्या खांबांच्या सळयांकडे वळतो. भूकंपविषयक भारतीय मानकानुसार खांबाच्या दोन्ही टोकांशी रिंगा दाट, शंभर मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता बांधायच्या आणि प्रत्येक रिंगेची टोके १३५ अंशांत वळवून खांबाच्या गाभ्यात शिरवायची असतात. फिटरला ती काटकोनात वळवणे सोपे जाते. काटकोनातली टोके एरवी चालून जातात, मात्र भूकंपात बाहेरचे काँक्रीट गळून पडताच उघडतात आणि सळया मोकळ्या होतात.

समजा, चार खांबांच्या रिंगा अशा काटकोनात निघाल्या. मिक्सर दिवसाच्या भाड्याने आलेला, तीस मजूर उभे, मालकांनी नारळ फोडून पेढे वाटलेले. ठेकेदार म्हणतो, “साहेब, चार खांबांनी काय होते?” त्याचे बिल आणि मालकाच्या कर्जाचा पुढचा टप्पा, दोन्ही या स्लॅबवर अवलंबून असतात. अशा वेळी कसलेला अभियंता वाद घालत बसत नाही. तो साइटवरील वहीत त्रुटी लिहितो, ठेकेदाराची सही घेतो, फिटरला शेजारी उभा करून रिंगा बदलून घेतो आणि मगच मिक्सर सुरू करतो. दोन तास जातात. त्या दोन तासांचा उल्लेख पुढे कोणत्याही प्रमाणपत्रात येत नाही.

काँक्रीट सुरू झाले की झगडा पाण्याशी. पाणी जास्त असले की मिश्रण सहज पसरते, मजुरांचे श्रम वाचतात. म्हणून पाइप सतत मिक्सरकडे वळत असतो. सिमेंटच्या पन्नास किलोच्या गोणीला पंचवीस लिटरच्या आसपास पाणी पुरते, आणि ओल्या वाळूतले पाणीही त्यातच धरायचे असते. त्याहून जास्त घातलेले पाणी नंतर उडून जाते आणि मागे सूक्ष्म पोकळ्या ठेवते. अभियंता अधूनमधून तीनशे मिलिमीटर उंचीच्या पत्र्याच्या शंकूत काँक्रीट भरून, शंकू उचलून ते किती बसते हे मोजतो. यालाच स्लम्प चाचणी म्हणतात. शिवाय दीडशे मिलिमीटरच्या लोखंडी साच्यांत नमुन्याचे ठोकळे भरतो. व्हायब्रेटर एकाऐवजी दोन आणि वीज गेली तर जनरेटर तयार ठेवतो. मध्येच काम थांबले, तर जुन्या व नव्या थरांत सांधा राहून तेथूनच पुढे गळती होते.

जेवण कसेबसे, तेही सेंट्रिंगच्या सावलीत.

संध्याकाळी स्लॅब पूर्ण झाला, मंडळी पांगली, तरी याचा दिवस संपत नाही. पृष्ठभाग सुकू लागताच ओली पोती पसरवायची, दुसऱ्या दिवशी आळी करून पाणी भरायचे. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, कोरड्या व उष्ण हवेत किमान दहा दिवस ही तराई चालावी. खालचे टेकू किती दिवसांनी काढायचे हे गाळ्याच्या रुंदीवर ठरते. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला सात दिवस, त्याहून मोठ्याला चौदा. सेंट्रिंगवाल्याला साहित्य दुसऱ्या साइटवर न्यायचे असल्याने तो पाचव्या दिवशीच विचारू लागतो.

आपले घर बांधले जात असेल, तर स्लॅबच्या आदल्या दिवशी जाऊन साइटवरील वही पाहण्यास मागावी, तपासणीच्या नोंदी वाचाव्यात आणि शक्य तर रिंगांची व कव्हर ब्लॉकची छायाचित्रे काढून ठेवावीत. नारळासाठी मुहूर्त काढताना तपासणीला सकाळचे दोन तास मोकळे ठेवावेत.

दिवेलागणीला अभियंता वहीत शेवटची नोंद करतो : ठोकळे किती, कोणत्या खांबाजवळच्या काँक्रीटचे. सातव्या दिवशी त्यांतले काही प्रयोगशाळेत दाबून फोडले जातात आणि अंदाज येतो. खरा निकाल अठ्ठाविसाव्या दिवशी. तोपर्यंत वरच्या मजल्याची सेंट्रिंग उभी राहिलेली असते.