रत्नागिरीचा चढ आणि न वाळणारा घाम

पहाटे पाचला कोल्हापुरातून निघालेली गाडी नऊच्या सुमारास रत्नागिरीत पोचते. मलकापूरला चहा, आंब्याला थांबून धुक्यातले दोन-चार फोटो, घाट उतरला की साखरपा, पाली, हातखंबा. अंतर जेमतेम 130 किलोमीटर. एका दिवसात जाऊन-येऊन होते म्हणून सुट्टी लागली की निम्मी पेठ तिकडेच. बेतही ठरलेला. आधी टिळकांचे जन्मस्थान, पतितपावन मंदिर, मग मांडवीची जेटी, दुपारी माशांचे ताट आणि जेवण अंगावर असतानाच रत्नदुर्ग.

गाडीत मागच्या सीटवर साठी ओलांडलेल्या सासूबाई असतात. निघताना त्यांनी रक्तदाबाची गोळी घेतलेली असते. सून बाटली पुढे करते, “आत्ती, घोटभर पाणी घ्या की.” उत्तर ठरलेले, “नको गं, मग थांबायला लागतंय. तिथं सोय हाय का नाही कुणाला ठाऊक.” दुपारी अडीचपर्यंत पोटात दोन कप चहा, जेवताना अर्धा पेला पाणी आणि वाटीभर सोलकढी, एवढेच गेलेले असते. भगवतीच्या देवळाकडे पायऱ्या चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते. बरोबरची मंडळी म्हणतात, पित्त झाले असेल.

या चक्कर येण्यामागे पित्ताचा संबंध क्वचितच असतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर आहे आणि तिथला उन्हाळा कोरडा असतो. एप्रिलमध्ये पारा 38 अंशांवर जातो, तेव्हा रत्नागिरीत 33 असतात. बातम्यांतला आकडा पाहून माणूस म्हणतो, तिकडे गारवा आहे. पण तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळले तर वेगळेच चित्र दिसते. 38 अंशांच्या, 25 टक्के आर्द्रतेच्या हवेत हा ओला तापमापक सुमारे 23 दाखवतो. 33 अंशांच्या, 70 टक्के आर्द्रतेच्या हवेत तो 28 च्या वर जातो. घामाने भिजलेल्या अंगाला जाणवते ती या ओल्या फडक्याची हवा.

माठाचे उदाहरण घरोघरी ठाऊक आहे. कोरड्या हवेत माठातले पाणी गार होते, कारण पाझरलेले पाणी वाळताना उष्णता घेऊन जाते. कोकणात तोच माठ ओला राहतो आणि पाणी फारसे गार होत नाही. शरीराचेही तसेच आहे. एक लिटर घाम अंगावर वाळला तर तो सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता बाहेर नेतो. तोच घाम ओघळून रुमालात गेला तर पाणी जाते, मीठ जाते, उष्णता मात्र अंगातच राहते. शरीराला ते कळत नाही, ते आणखी घाम काढते. दमट हवेची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. रत्नागिरीकर त्याच पायऱ्या सहज चढतो त्यामागे ही सवय आहे. एका दिवसाच्या पाहुण्याला ती सवलत नाही.

रत्नागिरी हे समुद्रकाठचे गाव असले तरी सपाट नाही. जांभ्याचे सडे, त्यांच्या मधल्या उतरणी आणि खाली खाडी, अशी तिची बैठक. रत्नदुर्ग घोड्याच्या नालाच्या आकाराचा आणि तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला. 1670 च्या सुमारास तो शिवाजी महाराजांकडे आला. बुरुजावरून खाली मिरकरवाडा बंदर दिसते. दृश्य इतके सुंदर की माणूस सावली शोधायचे विसरतो. दुपारच्या उन्हात मात्र जांभा तापलेला असतो आणि खालूनही झळ येते.

वय वाढले की तहान उशिरा लागते, घाम कमी येतो, मूत्रपिंडे पाणी पूर्वीइतके राखत नाहीत. जेवणानंतर रक्त आतड्यांकडे वळते आणि अनेक वयस्करांचा रक्तदाब थोडा उतरतोच. त्यात औषधांची भर पडते. रक्तदाबाच्या अनेक जोडगोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन हे लघवी वाढवणारे औषध असते. मधुमेहासाठीचे डापाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर बाहेर टाकते आणि तिच्याबरोबर पाणीही. घाटात उलटी होऊ नये म्हणून घेतलेली प्रोमेथाझिनची गोळी घाम कमी करते, गुंगी आणते आणि प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडवू शकते. यातले एकही औषध वाईट नाही. सहल आहे म्हणून मनाने गोळी बंद करणे तर त्याहून वाईट. निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना एवढेच विचारावे की उन्हात दिवसभर हिंडणार आहे, गोळीच्या वेळेत काही बदल हवा का.

पाणी न पिण्याचे खरे कारण मात्र औषधाच्या दुकानात सापडत नाही. रस्त्यावर स्वच्छ स्वच्छतागृह नाही, म्हणून बायका तोंड कोरडे ठेवतात. याला कुणी आजार म्हणत नाही, पण लघवीची जळजळ, ताप आणि चक्कर यांची सुरुवात अनेकदा इथूनच होते. यावर घरच्यांना एक साधी गोष्ट करता येते. थांबे आधी ठरवावेत, पेट्रोलपंप असो वा हॉटेल, आणि ते आत्तींना गाडीत बसतानाच सांगावेत. कुठे थांबायचे हे ठाऊक असलेली बाई पाणी पिते.

उन्हात चालताना दर अर्ध्या तासाला एक पेला पाणी बहुतेकांना पुरते. घाम फार गेला तर एक लिटर पाण्यात एक पुडी ओआरएस. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख असावा, नुसते गोड पेय चालत नाही. मधुमेहींनीही खरी गरज असताना ओआरएस टाळू नये. शहाळे छान, पण त्यात सोडियम कमी आणि पोटॅशियम भरपूर, त्यामुळे मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ते विचारूनच घ्यावे. ज्यांच्या हृदयाचे पंपिंग कमी आहे त्यांना पाण्याची मर्यादा डॉक्टरांनी घालून दिलेली असते, तीच पाळावी.

चक्कर आली तर तिथेच सावलीत आडवे करून पाय उंच ठेवावेत, अंग ओले करून वारा घालावा. बोलणे असंबद्ध झाले, अंग तापले, शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजून 108 ला फोन करावा, तोंडात पाणी ओतू नये आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर गार पाणी ओतत राहावे. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, हा समज चुकीचा आहे.

छातीत दडपण, जबडा किंवा डावा हात भरून येणे, गार घाम, मधुमेही बायकांत नुसता दम आणि मळमळ. अशा वेळी हमखास ऐकू येते, “चला, कोल्हापूरला जाऊनच दाखवू.” मध्ये आंबा घाट आणि साडेतीन तास आहेत. हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या काही तासांत सर्वाधिक उपयोगी पडते. ईसीजी रत्नागिरीतच काढावा. जिल्हा शासकीय रुग्णालय शहरातच आहे.

दिवसाचा क्रम उलटा केला तर निम्मे प्रश्न उरत नाहीत. आदल्या संध्याकाळी पोचून मुक्काम करावा आणि किल्ला सकाळी दहाच्या आत उरकावा, पायऱ्या उतरताना कठड्याला हात. दुपार थिबा पॅलेसच्या छताखाली काढावी. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी 1886 मध्ये रत्नागिरीत आणले. हा वाडा 1910 मध्ये बांधून झाला आणि 1916 मध्ये त्याचे निधन झाले. आत संग्रहालय आहे, सोमवारी बंद असते. ऊन उतरल्यावर थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी पाहावी आणि गाडीत बसण्याआधी आत्तींना आठवणीने विचारावे, सकाळपासून किती वेळा लघवीला गेलात, आणि रंग कसा होता.